पैलवानाचा पोशिंदा

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ डोईफोडिया नावाचं गाव आहे. नावाचा उगम काहीही असो, मराठी कानाला ते एखाद्या डावाच्या नावासारखं लागतं. धोबीपछाड, कलाजंग, मोळी, आणि त्यांच्याच पंगतीला डोईफोडिया! निमाड आणि खानदेशच्या या पट्ट्यात नागपंचमीला आणि जत्रेला कुस्त्या लागतात. सुरुवात रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्यांनी होते, त्या पोरासोरांच्या. मग शंभराची, पाचशेची, हजाराची, आणि उन्हं उतरली की शेवटची मानाची. जिंकलेला पैलवान अंगावरची माती न झटकता मैदानाला फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात दहा-वीसच्या नोटा ठेवतात. इनाम पंच जाहीर करतात ते वेगळं. ही फेरी म्हणजे पैलवानाचा खरा हिशेब.

तो हिशेब सोपा नाही. पैलवानाला रोज दूध, तूप, बदाम लागतात, पहाटे मेहनत लागते, आणि मेहनतीनंतर झोप लागते. दिवसभर नांगरामागे चालणारा माणूस संध्याकाळी हौद्यात उतरू शकतो, पण त्यावर पोट भरू शकत नाही. लढणं हाच ज्याचा धंदा, त्याचा खुराक दुसऱ्या कोणाच्या तरी घरून यावा लागतो. आज पिंजऱ्यात लढणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या खेळाडूबद्दल बोलताना लोक त्याच्या ठोशांचं आणि पेचांचं वर्णन करतात. त्याला पोसतं कोण, हा प्रश्न मात्र जुनाच आहे, आणि मराठी मुलखात त्याची उत्तरं जवळजवळ नऊशे वर्षं मागे जातात.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सनाच्या ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचं प्रकरण आहे. मल्लांची प्रतवारी कशी करावी, त्यांना काय खाऊ घालावं, त्यांच्याकडून मेहनत कशी करून घ्यावी, हे सगळं राजाला उद्देशून सांगितलेलं आहे. प्रकरणाचं नावच पुरेसं बोलकं आहे. लढायचं मल्लाने आणि विनोद, म्हणजे करमणूक, राजाची.

पेशवाईच्या अखेरीस पुण्यात घडलेली गोष्ट मल्लखांबाच्या प्रत्येक गुरूला तोंडपाठ असते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान आले. आमच्याशी लढेल असा कोणी द्या, नाहीतर जितपत्र लिहून द्या, असं त्यांचं मागणं. दरबारात कोणी उठेना. अखेर बाळंभट देवधर नावाच्या ब्राह्मण तरुणाने विडा उचलला आणि काही दिवसांची मुदत मागून तो वणीच्या सप्तशृंगी देवीकडे गेला. तिथे त्याला माकडाकडून झाडाच्या खोडावर डाव शिकण्याचा दृष्टांत झाला म्हणतात. परत येऊन त्याने अलीला अस्मान दाखवलं, गुलाबाने मग लढत टाळली. दृष्टांत खरा मानायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. लाकडी खांबाला प्रतिस्पर्धी समजून त्याच्यावर पकडींचा सराव करायची कल्पना मात्र इतकी अस्सल होती की ती पुढे बाळंभटांच्या शिष्यांनी सगळीकडे नेली.

या गोष्टीतला एक धागा सहसा कोणी ओढत नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीरावाला वर्षाला आठ लाखांचं पेन्शन देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला पाठवण्यात आलं. बाळंभट त्याच्या मागोमाग गेले. जाणं भागच होतं. राजा जिथे जाईल तिथे त्याचा आखाडा जातो, कारण खुराकाची थाळी तिथेच लागलेली असते. ब्रह्मावर्ताच्या त्या वर्तुळात नानासाहेब आणि तात्या टोपे वाढले. काशी, बडोदे अशा ठिकाणी या परंपरेचे आखाडे उभे राहिले.

बडोद्यात मल्लांना भेटला तो निराळाच शौक.

तापीच्या काठाने बुऱ्हाणपुराहून खाली उतरत गेलं की खानदेश ओलांडून सोनगड लागतं. गायकवाडांचं पहिलं ठाणं हे. तिथून पुढे बडोदे. खंडेराव गायकवाड १८५६ ला गादीवर आले आणि १८७० पर्यंत राहिले. त्यांना दोन गोष्टींचं वेड होतं: जवाहिर आणि झुंजी. हत्तींची साठमारी, गेंड्यांच्या, रेड्यांच्या झुंजी, आणि माणसांच्या. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६०च्या दशकात बडोद्यात मुक्कामाला होता. त्याचं भारतावरचं सचित्र पुस्तक १८७५ साली पॅरिसमध्ये निघालं. त्यात त्याने नक्की का कुस्ती म्हणतात त्या प्रकाराचं वर्णन केलं आहे.

दोन मल्ल समोरासमोर येतात. त्यांना आधीच भांग पाजलेली असते. हाताच्या मुठीवर शिंगाची नखं वादीने घट्ट बांधलेली असतात. ते गात गात एकमेकांवर धावून जातात, आणि काही क्षणांत चेहरे, डोकी फाटून रक्ताचे ओहोळ वाहू लागतात. महाराज स्वतः इतके रंगात येतात की त्यांना एका जागी बसवत नाही. मल्लांच्या हालचालींची ते हातवाऱ्यांनी नक्कल करत राहतात. हरलेल्याला उचलून नेतात, कधीकधी मरणाच्या दारात. जिंकलेला, कपाळाची कातडी चिंध्यांसारखी लोंबत असताना, महाराजांपुढे साष्टांग घालतो, आणि महाराज त्याच्या गळ्यात मोत्यांची माळ घालतात, अंगावर किमती वस्त्रं टाकतात. हा प्रकार आपल्याला एकदाच पाहवला, असंही रूसले नोंदवतो.

फ्रेंच प्रवाशाला पौर्वात्य राजांचं क्रौर्य रंगवून सांगायची हौस असणार, तेवढी वजावट करावी. पण माळेचा तपशील खोटा वाटत नाही. याच खंडेरावांनी १८६५ च्या सुमारास लक्षावधी मोती जडवलेली गालिच्यासारखी चादर करवून घेतली. ती बडोद्याची मोत्यांची चादर २००९ साली दोह्याच्या लिलावात पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास विकली गेली. मोत्यांची तिथे कमतरता नव्हती.

नखं बांधून लढणारे हे लोक कोण? हौशे-गवशे नव्हेत. जेठी, म्हणजे ज्येष्ठीमल्ल, ही गुजरातेतल्या मोढेऱ्याकडची जात. पिढ्यानपिढ्या लढणं हाच तिचा व्यवसाय. आपण मूळचे ब्राह्मण असं ते सांगतात आणि त्यांच्याकडे ‘मल्लपुराण’ नावाचं स्वतःचं पुराणही आहे. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली ते संपादित करून छापलं. त्यात देव आहेत, दंतकथा आहेत, आणि त्यांच्याबरोबर आहार, ऋतुमान, मेहनतीचे प्रकार, मल्लांच्या प्रती. आज ज्याला आपण ‘फायटर’चं व्यावसायिक आयुष्य म्हणतो, त्याची सगळी अंगं या पोथीत सापडतात. जन्माने मिळालेला धंदा, धंद्याचं शिस्तबद्ध शिक्षण, आणि एकच गिऱ्हाईक: राजा.

एकच गिऱ्हाईक असण्यातला धोका लवकरच दिसला. खंडेराव गेले. मागून आलेल्या मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतल्या आणि १८७५ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून दूर केलं. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून एका शेतकरी घरातला मुलगा दत्तक आणला गेला, तो सयाजीराव. गोपाळ नावाच्या त्या मुलाला लिहायला-वाचायलाही गादीवर आल्यावर शिकवावं लागलं. १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती कारभार आला. त्यांची नजर शाळा, ग्रंथालयं आणि सक्तीचं शिक्षण यांच्याकडे होती. कुस्ती, मल्लखांब बडोद्यात राहिले, वाढलेही, पण व्यायाम म्हणून. रक्ताची करमणूक दरबारातून उतरली.

बडोद्यातल्या मराठी माणसांनी पुढे या सगळ्या विद्येचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढायला घेतला. दहा खंड. कुस्तीच्या डावांपासून बनेटी-बोथाटीपर्यंत, आसनांपासून परदेशी खेळांपर्यंत, छायाचित्रांसह. शेवटचा खंड निघाला १९४९ मध्ये. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर आणि १ मेला बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. ज्या जगाची यादी करायची होती ते जग यादी पूर्ण होता होता आवरलं गेलं. मराठीत इतक्या मेहनतीचा आणि इतका कमी उघडला जाणारा कोश दुसरा क्वचितच असेल.

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक भलामोठा दगड आहे. गामा पैलवानाने तो २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलला, असं सांगतात. वजन बाराशे किलो. बाराशे किलो कोणी उचलत नाही. थोडा हलवला असेल, कलता केला असेल, आणि लोकांनी बाकीचं उचललं असेल. तरीही तो दगड तिथे असण्याला अर्थ आहे. पंजाबात वाढलेला, दतियाच्या राजाच्या आश्रयाने घडलेला पंचविशीच्या आतला पैलवान नाव कमवायला बडोद्यात येत होता, कारण दगड उचलल्याची दखल घेणारा दरबार तिथे होता.

अशा दरबारांत त्या काळी सगळ्यात गाजत होता तो कोल्हापूरचा. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, वाटेत रोमचं कलोसियम पाहिलं, आणि आपल्याकडे कुस्तीला असंच मैदान हवं हे मनात घेऊन परतले. १९०७ ला काम सुरू झालं, १९१२ ला खासबाग मैदान तयार झालं. मध्ये खोलगट हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठूनही पाहिलं तरी पैलवान दिसावा अशी रचना. पंचवीस-तीस हजार माणूस मावतं. महाराजांनी पेठापेठांत तालमी उभ्या केल्या, उत्तरेतले वस्ताद आणले, आणि मुलांचा खुराक सरकारी खर्चाने बांधून दिला. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी ही नावं आजही पैलवानाच्या ओळखीत गावाच्या नावाआधी येतात.

खासबागेच्या उद्घाटनाची कुस्ती झाली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. इमामबक्ष हा गामाचा धाकटा भाऊ. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावं, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.

त्या आधी दोन वर्षं, १९१० मध्ये, हे दोघे भाऊ लंडनला जाऊन आले होते. या वेळी पोशिंदा राजा नव्हता. शरत्कुमार मित्र नावाच्या बंगाली धनिकाने पैसा घातला आणि बेंजामिन नावाच्या व्यवस्थापकाने दौरा आखला. गामाची उंची पाहून लंडनवाल्यांनी सुरुवातीला त्याला स्पर्धेत घेतलंच नाही. मग नाट्यगृहातून आव्हान देण्यात आलं: तीस मिनिटांत कोणत्याही तिघांना पाडतो. अमेरिकन डॉक्टर-पैलवान बेंजामिन रोलर पडला, आणि १० सप्टेंबर १९१० ला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को समोर आला. इनाम अडीचशे पौंड आणि ‘जॉन बुल’ पट्टा. अडीच तासांहून अधिक वेळ झ्बिस्को गादीला चिकटून पालथा पडून राहिला. आपल्याकडच्या मैदानात लोकांनी त्याला जागचा उठवला असता, लंडनने बरोबरी दिली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा झ्बिस्को आलाच नाही. गामाला पट्टा मिळाला. १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी झ्बिस्कोला बोलावून उरलेला हिशेब पुरा करवला. तो एक मिनिटसुद्धा टिकला नाही.

धंद्याच्या दृष्टीने लंडनचा दौरा हा मोठा पालट. इथे पैलवान तिकिटावर लढला. राजाला खूश करायचं तर चितपट करावं लागतं. तिकीट काढणाऱ्याला चितपट हवी असतेच, शिवाय थोडा वेळ रंगही हवा असतो. रंग आणि निकाल यांची ही ओढाताण पुढच्या शंभर वर्षांत कधी सुटली नाही.

गामाचा शेवट त्याच पालटाच्या दुसऱ्या टोकाला झाला. फाळणीनंतर तो लाहोरात. संस्थानं संपलेली, पोसणारे राजे सीमेच्या अलीकडे आणि तेही आता नावाचे. आजारपणात औषधाला पैसे पुरेनात तेव्हा भारतातून घनश्यामदास बिर्लांनी मदत पाठवली. मे १९६० मध्ये तो गेला.

इकडे खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एका कारणासाठी ती इथे हवी. गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी घर गहाण ठेवलं. चार वर्षांपूर्वी, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. दोन स्पर्धांच्या मध्ये संस्थान विलीन झालं. राजाच्या जागी एक मास्तर उभा राहिला, सरकारला अजून आपण पोशिंदे झालो आहोत हे कळायचं होतं. पुढे खाशाबांना पोलिसात नोकरी मिळाली, अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

पोलीस, रेल्वे, लष्कर आणि पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने हे पैलवानाचे नवे पोशिंदे. कारखान्याचं मानधन, वारणेचं आणि कुंडलचं मैदान, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीची गदा. यावर एक पिढी नव्हे, तीन पिढ्या जगल्या. बरी जगल्या असं मात्र म्हणता येत नाही. गुडघा गेला की मानधन जातं, आणि गुडघा जातोच.

मुंबईत या काळात वेगळाच बाजार भरत होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्री स्टाईलच्या कुस्त्या लागत. दारासिंग, किंगकाँग, आणि कुठून कुठून आणलेले बुरखेधारी. २९ मे १९६८ ला दारासिंगने अमेरिकेच्या लू थेझला मुंबईतच हरवलं. गर्दी तुफान. तालमीतले जुने वस्ताद मात्र नाक मुरडत, कारण त्यांच्याकडे यासाठी एक शब्द तयार होता: नुराकुस्ती. दोघांनी आधीच ठरवून घेतलेली. तिकीट काढणाऱ्याला रंग हवा होता ना, तो मिळाला.

आता इमामबक्षकडे यायला हवं. खासबागेच्या मातीत पहिली कुस्ती खेळलेल्या त्या पैलवानाचे मुलगे पाकिस्तानात भोलू बंधू म्हणून गाजले. त्यांतला एक अक्रम. १९७६ च्या जूनमध्ये जपानच्या अँटोनिओ इनोकीने टोकियोत मुहम्मद अलीशी लढत दिली. बॉक्सर विरुद्ध कुस्तीगीर, नियम अर्धे इकडचे अर्धे तिकडचे. पंधरा फेऱ्या इनोकी जमिनीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, निकाल बरोबरीचा. जगाने हसण्यावारी नेलं. पण ‘कोणती विद्या खरी’ हा प्रश्न त्या दिवशी चव्हाट्यावर आला. सहा महिन्यांनी, १२ डिसेंबरला, इनोकी कराचीत होता आणि समोर अक्रम. लढत सरळ राहिली नाही. तिसऱ्या फेरीत इनोकीने त्याच्या हाताला उलटा पीळ घातला. अक्रमने हार मानायला नकार दिला आणि हात गेला. डॉक्टरांनी लढत थांबवली.

अक्रम पंचेचाळिशीच्या घरात होता, हे खरं. पण त्याहून मोठं कारण शिक्षणात होतं. आपल्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं. सांधा उखडण्याचा, गळा आवळण्याचा प्रयत्न नियमात बसत नाही, म्हणून त्यातून सुटण्याचं शिक्षणही नाही. हार मानण्यासाठी जमिनीवर थाप मारायची रीत नाही. शाहू महाराजांच्या मैदानात ती लागलीच नव्हती.

याच उणिवेवर १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेनव्हर इथे एक धंदा उभा राहिला. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या यूएफसी या कंपनीचा पहिला कार्यक्रम. चावायचं नाही, डोळ्यात बोटं घालायची नाहीत, अशी मोजकीच बंधनं. ब्राझीलचा सडपातळ रॉइस ग्रेसी एकाच रात्री तिघांना शरण आणून विजेता ठरला. तीन वर्षांत सिनेटर जॉन मॅकेन या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हणू लागले, राज्यांनी बंदी घातली, आणि पुढे वजनगट, हातमोजे, फेऱ्या, निषिद्ध जागांची लांबलचक यादी आली. रूसलेने पाहिलेल्या बडोद्यापासून सयाजीरावांच्या बडोद्यापर्यंतचा रस्ता या खेळाने काही वर्षांत कापला. मैसूरच्या जेठींनीही तेच केलं आहे: तिथल्या राजवाड्यात दसऱ्याला आजही वज्रमुष्टी ही त्यांची झुंज होते, पण रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत संपते.

मुंबईत हा खेळ थाटात आला तो ११ मार्च २०१२ ला. अंधेरी क्रीडा संकुलात सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम. पोशिंदे उद्योजक राज कुंद्रा आणि अभिनेते संजय दत्त. मुख्य लढतीला बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन हे दोन गोरे-काळे डोंगर आणले होते. दोन मिनिटांच्या आत सॅपचा पाय दुखावला आणि लढत संपली. वरळीची आठवण असलेल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी कोणता शब्द आला असेल ते सांगायला नको. पण त्या रोषणाईच्या कडेला एक खरी गोष्ट घडत होती. कुस्ती, कराटे, वुशू, बॉक्सिंग करणाऱ्या आणि आपापल्या खेळात पोट न भरणाऱ्या पोरांना पहिल्यांदाच एकाच पिंजऱ्यात लढायचे पैसे मिळू लागले.

त्यांतूनच वर आला मुंबईचा भरत खंडारे. पाया कुस्तीचा. सुपर फाइट लीगमध्ये नाव झालं आणि २०१७ मध्ये यूएफसीने त्याच्याशी करार केला. भारतीय वंशाचा कॅनडाचा अर्जनसिंग भुल्लर काही आठवडे आधी तिथे लढला होता, पण भारतातून थेट गेलेला पहिला तो खंडारेच. २५ नोव्हेंबर २०१७, शांघाय. समोर चीनचा सॉंग यादोंग, विशीही न ओलांडलेला. पहिल्या फेरीची पाच मिनिटंही पुरी झाली नाहीत. सॉंगने त्याची मान काखेत धरून आवळली आणि त्याला शरण यावं लागलं.

या पकडीला इंग्रजीत गिलोटिन म्हणतात. पायाच्या पटासाठी वाकून आत शिरणारा माणूस स्वतःच आपली मान तिच्यात घालतो, म्हणून ती कुस्तीवाल्यांची जन्माची वैरीण. पट काढताना डोकं कुठे ठेवायचं हे तालमीत शिकवतात, पण तिथे चुकलं तर एक गुण जातो किंवा पाठ लागते. पिंजऱ्यात श्वास जातो. कराचीत अक्रमच्या हाताने जे शिकवलं होतं ते शांघायपर्यंत पोचायला एकेचाळीस वर्षंही कमी पडली.

यूएफसीत खंडारेची ती एकमेव लढत ठरली. सॉंग मात्र तिथेच राहिला, जिंकत गेला, त्याच्या वजनगटात वरच्या क्रमांकांत पोचला. त्याच्या अंगात काही निराळं होतं का? असेल. पण २०१९ मध्ये त्याच शांघायमध्ये यूएफसीने भलीमोठी प्रशिक्षण संस्था उभारली: आहारतज्ज्ञ, फिजिओ, प्रशिक्षक एका छताखाली. चिनी पैलवानाला पोशिंदा मिळाला. भारतात श्रॉफ कुटुंबाची मॅट्रिक्स फाइट नाइट २०१९ पासून सुरू आहे, उत्तराखंडचा अंशुल जुबली २०२३ मध्ये यूएफसीचा करार जिंकून गेला आणि पहिलीच लढत हरला. मुझफ्फरनगरकडची पूजा तोमर ८ जून २०२४ ला लुईव्हिलमध्ये जिंकली, तो यूएफसीतला भारतीयाचा पहिला विजय. ती वुशूतून आलेली. मराठी तालमीतून अजून कोणी यूएफसीतल्या विजयापर्यंत पोचलेलं नाही.

करार म्हणजे तरी काय? यूएफसीचा लढवय्या नोकर नसतो. तो स्वतंत्र ठेकेदार. पिंजऱ्यात उतरल्याबद्दल एक रक्कम, नवख्याला जिंकला तर साधारण तेवढीच आणखी. प्रशिक्षक, आहार, सरावाचे महिने हे सगळं त्याने त्यातून भागवायचं. हरला तर अर्धाच पैसा आणि पुढची लढत कधी, ते कंपनी ठरवणार. जत्रेत निदान हरलेल्यालाही लोक काहीतरी देतात. ही कंपनी २०१६ मध्ये सुमारे चारशे कोटी डॉलरला विकली गेली, तेव्हा लढणाऱ्यांनी आपल्या वाट्याचा हिशेब आधीच कोर्टात मांडलेला होता. २०१४ पासून चाललेल्या त्या खटल्यात कंपनीने साडेसदतीस कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं आणि २०२५ मध्ये न्यायालयाने तडजोडीला अंतिम मंजुरी दिली. १६ डिसेंबर २०१० ते ३० जून २०१७ या काळात लढलेल्या पैलवानांना त्यातला वाटा आहे. भरत खंडारे शांघायच्या पिंजऱ्यात उतरला तो त्यानंतर पाच महिन्यांनी.